आकाशकंदिलाच्या आकाराचं पाण्याचं रॉकेट: कंदील बाटलीवर चिकटवू नका, टोपीला टांगा

प्रश्न थोडक्यात असा: दापोलीकडच्या एका शाळेतल्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत आकाशकंदिलाच्या आकाराचं, पाणी आणि हवेच्या दाबावर उडणारं रॉकेट करायचं आहे. 2 लीटरची बाटली, भोवती कामट्यांचा कंदील, असे दोन प्रयत्न झाले. पहिलं रॉकेट पाच-सहा फुटांवर कोलांट्या खात पडलं. दुसऱ्यात बाटली एकटीच वर गेली आणि कंदील फाटून स्टँडवरच राहिला. साधी बाटली मात्र त्याच स्टँडवरून सरळ जाते. चूक कुठे होते आहे?

दोन्ही अपघातांची कारणं वेगवेगळी आहेत, आणि दोन्ही दूर करता येतात. दुसरं कारण समजायला सोपं, म्हणून आधी ते घेऊ.

बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास सुमारे 21.7 मिमी असतो. 40 पीएसआय (पंपाच्या काट्यावरचं दाबाचं एकक) दाबाला या तोंडातून पाणी सुटतं तेव्हा पहिल्या क्षणी जवळपास 20 किलोचा रेटा मिळतो. पाण्यासकट रॉकेटचं वजन 800-850 ग्रॅम धरलं तर प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या पंचवीस-तीस पट जड झाल्यासारखी मागे ओढली जाते. 80 ग्रॅमचा कंदील त्या क्षणी दोन-सव्वादोन किलोचा होतो. वर वेग आला की हवा त्याला आणखी दोन-अडीच किलोने मागे रेटते. एवढा ओढा फेव्हिकॉलने किंवा ग्लू गनने चिकटवलेल्या चार ठिपक्यांवर आला की ते सुटणारच. फेव्हिकॉल बाटलीच्या प्लास्टिकला धरतच नाही, आणि ग्लू गनचा गरम थेंब बाटलीची भिंत नेमक्या त्याच जागी कमजोर करतो. दाबाखालच्या बाटलीला गरम गोंद, फेविक्विक किंवा भोक, यांतलं काहीही लावू नका.

आता उत्तर कंदिलातच आहे. दारात कंदील कसा लावतो? वरून टांगतो. रॉकेटवरही तेच करायचं. बाटली उलटी, तोंड खाली. तिच्या वर आलेल्या बुडावर दुसऱ्या बाटलीची कापलेली वरची बाजू टोपीसारखी चढवायची आणि कंदील त्या टोपीला आठ दोऱ्यांनी लोंबता ठेवायचा. बाटली वर उसळते, टोपीला ढकलते, टोपी दोऱ्यांना ओढते आणि कंदील मागोमाग येतो. वेगाचा ओढा आणि हवेचा ओढा, दोन्ही एकाच दिशेने, दोरीच्या लांबीतून जातात. ताणाला दोरी पक्की असते. पाच किलो आठ दोऱ्यांत वाटले की एकीवर सहाशे-सातशे ग्रॅम येतात. मासेमारीच्या दुकानातला 0.5 मिमीचा तंगूस (नायलॉनचा दोरा) याला पुरून उरतो.

टोपी अशी करा. बाटली खांद्याच्या सात-आठ सेंमी खाली कापा, म्हणजे तोंड, खांदा आणि थोडा सरळ भाग मिळतो. दोन्ही बाटल्या एकाच मापाच्या, म्हणून टोपी सहज चढत नाही. काठाला 3 सेंमीच्या चार चिरा द्या. चिरांच्या मधल्या जागेत, काठापासून 2 सेंमी वर, समान अंतरावर आठ भोकं. ती कात्रीने किंवा टोच्याने पाडू नका. दाभण मेणबत्तीवर तापवून आरपार घाला. कापलेल्या भोकाची कड ताण आला की चिरत जाते. तापल्या दाभणाच्या भोकाला वितळलेल्या प्लास्टिकचा गोल काठ येतो, नखाला तो लागतो, आणि तंगूस त्यावर बसतो.

कंदिलाची मापं: मधलं कडं 30 सेंमी व्यासाचं, वरचं आणि खालचं 16 सेंमीचं, कड्यांमधलं उभं अंतर 11 सेंमी. वरच्या कड्यातून मधल्यात आणि मधल्यातून खालच्यात आठ-आठ तिरप्या कामट्या, प्रत्येकी सुमारे 13 सेंमी, 4 मिमी रुंद आणि अडीच मिमी जाड. माणग्याच्या (कोकणातल्या भरीव बांबूच्या) कामट्या उत्तम. कड्यांना माडाचे हीर घ्या, ते न मोडता वळतात. हिराचं एक टोक जाड आणि दुसरं बारीक असतं हे मात्र विसरू नका. एकाच हिराचं कडं केलं तर ते एका बाजूला जड आणि ताठ, दुसऱ्या बाजूला हलकं आणि लवचीक होतं, आणि रॉकेट नेहमी त्याच बाजूला कलतं. दोन हीर उलटसुलट, एकाचं जाड टोक दुसऱ्याच्या बारीक टोकाशी, असे जोडीने बांधा. 30 सेंमीच्या कड्याचा घेर 94 सेंमी येतो, तिथे सांधे एकासमोर एक ठेवा. बांधायला पतंगाचा साधा दोरा; प्रत्येक गाठीवर फेव्हिकॉलचा थेंब देऊन रात्रभर वाळू द्या.

कंदील बाटलीवर असा येतो की खालचं कडं बाटलीच्या तोंडापासून 4 सेंमी वर राहील. टोपीच्या भोकातून मधल्या कड्यापर्यंत दोरीची लांबी सुमारे 16 सेंमी भरते. आठही दोऱ्या एकाच मापाच्या हव्यात. फळीवर दोन खिळे ठोकून त्यांच्यावर मापून गाठी मारा, अंदाजाने नको. 5 मिमीच्या फरकानेही कंदील तिरका बसतो. वरच्या आणि खालच्या कड्यातून आत, बाटलीला जेमतेम टेकतील अशा चार-चार आखूड कामट्या बांधा, टोकांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे. त्या कंदील मधोमध धरतात, ओझं घेत नाहीत.

आता पहिल्या अपघाताकडे, कोलांट्यांकडे वळू. खरी गोम इथेच आहे.

रॉकेट सरळ जायचं तर त्याचा तोल पुढे हवा आणि वाऱ्याची पकड मागे. दिवाळीतल्या बाणाची काठी हेच काम करते; काठी काढली तर तोच बाण अंगणात सैरावैरा पळतो. पूर्ण मढवलेल्या कंदिलात नेमकं उलट होतं. त्याचा वरचा निमुळता भाग शंकूसारखा पुढून वाऱ्याला छाती देतो. जरा कलला की वारा तिथेच धरून आणखी कलवतो. खालचा भाग मागे निमुळता होत गेल्याने तो सावरायला मदत करत नाही, उलट कलण्यालाच हातभार लावतो. त्यात कंदील बाटलीच्या मधोमध आणि पुढे वजन काहीच नाही. असं रॉकेट उलटणार नाही तर काय होईल!

यावर दोन उपाय, आणि दोन्ही करायचे.

पहिला: वरचा अर्धा कंदील वाऱ्याला मोकळा ठेवा. तिथे कागदाऐवजी मच्छरदाणीचं रंगीत कापड लावा. दहा पावलांवरून ते भरीव दिसतं, पण वारा आरपार जातो. खालच्या अर्ध्या भागाला मात्र जुन्या छत्रीचं कापड ताणून लावा. पावसाळा संपला की प्रत्येक घरात एखादी मोडकी छत्री निघतेच. ते कापड हलकं, पाणी न पिणारं आणि चिवट असतं. घोटीव कागद किंवा पतंगाचा कागद इथे चालत नाही, पहिल्याच उड्डाणात पाण्याच्या तुषारांनी त्याचा लगदा होतो. आता वारा वरच्या जाळीतून आत शिरतो आणि खालच्या कापडाच्या आतल्या बाजूवर आदळतो. म्हणजे खालचा भाग नरसाळ्यासारखा मागून ओढ देतो, पुढचा भाग देत नाही. खालचं 16 सेंमीचं तोंड उघडंच ठेवा. शोभेसाठी ते बंद केलं तर आत कोंडलेली हवा कधी या बाजूने, कधी त्या बाजूने सुटते आणि रॉकेट डोलत जातं.

दुसरा: टोपीत वजन. 150 ग्रॅम शाडू, पण वाळल्यावर 150 ग्रॅम. ओला तोलून भरला तर वाळताना तो बराच हलका होतो आणि तुमचा तोल मागे सरकतो. शाडू प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टोपीच्या खांद्यात कोंबा आणि पिशवी व बाटलीचं बूड यांच्यामध्ये स्पंज ठासून भरा. मध्ये पोकळी राहिली तर उसळीच्या क्षणी ही पिशवी बाटलीच्या बुडावर हातोड्यासारखी बसते. टोपीच्या बुचावर स्पंजचा चेंडू कापून बसवा, कारण रॉकेट नाकावर उतरणार आहे. टोपी बाटलीला सेलो टेपच्या दोन फेऱ्यांनी धरा. उसळीत ती आपोआप दाबलीच जाते, टेप फक्त उतरतानासाठी.

वजन वाढवलं की उंची कमी होईल ही भीती मनातून काढा. फुगा कितीही जोरात फेकला तरी दोन हातांवर थांबतो, चेंडू लांब जातो. कंदील फुग्याच्या जातीचा आहे. हिशेब केला तर शाडूशिवाय, 170-180 ग्रॅमचं अख्खं कोरडं रॉकेट सुटताना जास्त वेगात असूनही सात मीटरच्या आसपास थांबतं. शाडूसकट 330 ग्रॅमचं कमी वेगात सुटून नऊ मीटर गाठतं, आणि कामट्यांवर ताणही कमी. तीच गोष्ट दाबाची. 40 चा दाब 60 पीएसआय केला तर उंची दीड-दोन मीटरनेच वाढते, पण ओढा दीडपट होतो. म्हणून कंदिलासाठी 40 पीएसआय ठरवून टाका आणि त्यावर जाऊ नका. नऊ मीटर म्हणजे चांगल्या वाढलेल्या पोफळीची उंची. शेपट्या झुलवत कंदील तिथवर सरळ जातो तेव्हा तो डोळ्यांना नीट दिसतो. सडसडीत बाटली तीस मीटर गेली तर ठिपका दिसतो.

शेपट्या लावाच. त्या नुसती शोभा नाहीत, पतंगाच्या शेपटीसारखं काम करतात. छत्रीच्याच कापडाच्या आठ पट्ट्या, 40 सेंमी लांब, अडीच सेंमी रुंद, खालच्या कड्याला समान अंतरावर. याहून लांब केल्या तर स्टँडमध्ये अडकतात, आणि एक शेपटी अडकली की कंदील तिथूनच आडवा होतो. करंज्या (कंदिलावर लावतात त्या फुगीर घड्या) हव्या असतील तर खालच्या अर्ध्यावरच, आणि समोरासमोर जोडीने. सगळ्या एकाच अंगाला कललेल्या राहिल्या तर रॉकेट भोवऱ्यासारखं फिरतं. फिरणं थोडं असेल तर वाईट नाही, पण शेपट्या बाटलीला गुंडाळल्या जातात.

बांधून झालं की कोरडं रॉकेट एका बोटावर तोला. तोल बाटलीच्या तोंडापासून 28 सेंमीच्या वर, म्हणजे टोपीच्या काठाजवळ, आला पाहिजे. खाली आला तर शाडू 20-20 ग्रॅमने वाढवा. मग तोलाच्या जागी दोरी बांधून टेपने पक्की करा आणि मोकळ्या जागेत अडीच मीटर दोरीवर डोक्याभोवती फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर ते उडवायला योग्य. आडवं किंवा शेपटी पुढे करून फिरलं तर उडवू नका. ही परीक्षा जरा कडकच आहे. हिच्यात पास झालेलं रॉकेट सहसा आकाशात दगा देत नाही. पाणी भरल्यावर तोल खाली जातो, त्याची चिंता नको. 500 मिली पाणी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच संपतं, आणि त्याआधीची सरळ दिशा आणि वेग उभा पाइप देतो.

पाइपबद्दल. साधी बाटली तुमच्या स्टँडवरून सरळ जाते म्हणजे स्टँड बरा असणार, तरी कंदिलासाठी बाटलीत 26 सेंमी आत जाणारा उभा पाइप हवाच. अर्धा इंची पांढऱ्या यूपीव्हीसी पाइपचा बाहेरचा व्यास 21.3 मिमी, बाटलीच्या तोंडात तो जेमतेम सरकतो. अर्धा इंची सीपीव्हीसी घेऊ नका, तो 15.9 मिमीचा असल्याने खुळखुळतो. पाइपचं वरचं टोक पाण्याच्या पातळीच्या वर राहतं, त्यामुळे पाणी पाइपमध्ये उतरत नाही, आणि पहिली 26 सेंमी रॉकेट पाणी न सांडता नुसत्या हवेच्या रेट्याने चढतं. पाइप सोडताना वेग सेकंदाला सुमारे 7 मीटर झालेला असतो, आणि कलण्याआधीच शेपट्या ताठ होतात. बाटलीचं तोंड जिथे बसतं तिथे पाइप मेणबत्तीवर गोल फिरवत मऊ करा आणि दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा; बारीक फुगवटा येतो आणि बाटली त्यावर पाचरीसारखी घट्ट बसते. पकडायला पाइपभोवती बारा केबल टाय उभे लावा, त्यांची डोकी बाटलीच्या मानेच्या कंगोऱ्यावर. बुडाशी क्लिपने आवळा आणि वरून दीड इंची पाइपचा सरकता तुकडा. त्याला दोरी बांधून खाली ओढला की टाय उघडतात. इथे शेपट्या अडकण्याची शक्यता सर्वांत जास्त, म्हणून टायची जास्तीची टोकं कापून टाका.

पंप स्टँडपासून 5 मीटर दूर हवा. आंब्याच्या कलमांवर फवारणीला वापरतात तो 8.5 मिमीचा होज याला उत्तम. तो दाबासाठीच केलेला असतो. होजमध्ये औषधाचा अंश राहतो, म्हणून जुना घेतलात तर साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, किंवा सरळ नवा तुकडा आणा. पंपाला दाबाचा काटा असलाच पाहिजे. पीव्हीसी पाइप पाण्यासाठी असतो, हवेच्या दाबाने फुटला तर त्याचे धारदार तुकडे उडतात. म्हणून आडवा पाइप आखूड ठेवा, त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळा, वाळूत पुरा, आणि उन्हाने पिवळा पडलेला पाइप वापरू नका.

बाटली फक्त सोड्याच्या किंवा कोलाच्या जातीची, पाच पाकळ्यांच्या बुडाची. साध्या पाण्याच्या आणि सरबताच्या बाटल्या दाबासाठी नसतात. उडवण्याआधी बाटली काठोकाठ पाण्याने भरून, गोणपाटाखाली ठेवून 80 पीएसआयपर्यंत दाब द्या आणि पाच मिनिटं थांबा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे फुटली तरी नुसती फाटते, उडत नाही. प्लास्टिकवर पांढरी रेघ दिसली, खोल ओरखडा पडला किंवा बूड फुगलं की बाटली टाकून द्या, कितीही जपलेली असली तरी.

भरताना दोघं लागतात. रॉकेट तोंड वर करून एकाने धरायचं, 500 मिली गोडं पाणी ओतायचं, दुसऱ्याने स्टँड उलटा करून पाइप आत सरकवायचा, कुलूप (टायवरचा सरकता तुकडा) चढवायचं आणि मग सगळं मिळून सुलटं करायचं. समुद्र समोर असला तरी खारं पाणी नको. जड असण्याचा फायदा नगण्य आणि व्हॉल्व्ह गंजतो. शेपट्या आठ दिशांना बाहेर पसरून ठेवा. मग सगळे मागे, पंप मारणाऱ्याच्या आणि दोरी ओढणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा, बाकी मुलं 20 मीटर लांब. दाब भरल्यावर काही अडलं तर जवळ जाऊ नका, दोरी ओढून रॉकेट सोडून द्या. एरवीही भरलेल्या रॉकेटवर वाकायचं नाही.

वेळ आणि जागा. दिवाळीच्या दिवसांत किनाऱ्यावर पहाटे मतलई वारे असतात, दुपारकडे खारे वारे जोर धरतात. मधला सकाळचा शांत काळ तुमचा. माडाच्या झावळांची नुसती टोकं हलत असतील तर उडवा, अख्खी झावळ झुलायला लागली की आवरा. पुळण ओहोटीला रुंद आणि घट्ट असते, नाकावर उतरणाऱ्या रॉकेटला ओली वाळू मानवते. सुरूच्या बनापासून शंभर पावलं लांब राहा, तिथे अडकलेला कंदील काढायला कोणीतरी झाडावर चढतंच. वेळास-आंजर्ल्याच्या बाजूला नोव्हेंबरपासून कासवांची अंडी घालण्याचा हंगाम असतो, कुंपण घातलेल्या घरट्यांच्या आसपास जाऊ नका. भात कापून झालेलं शेत त्याहून बरं: मऊ, मोकळं, वाळूची कटकट नाही, वरून वीजवाहिनी जात नाही तेवढं पाहा. सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार, टाळा. कातळावर टोपी पहिल्याच उतरणीला तडकते, आणि रत्नागिरीकडच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, तिथे खुंट्या ठोकणं बरोबर नाही.

फटाक्यातली दारू काढून किंवा घरी मिसळून मोटर करण्याचा विचार कोणी सुचवला तर तिथेच थांबवा. परवान्याशिवाय स्फोटक बनवणं कायद्याने गुन्हा आहे, आणि असल्या मिश्रणाने बोटं आणि डोळे जातात. शिवाय बांबू आणि कापडाच्या कंदिलाजवळ आग नकोच.

उड्डाणानंतर आधी आठ दोऱ्यांच्या गाठी पाहा. एखादी सैल झाली की पुढचं उड्डाण त्या बाजूला कलतं, आणि लोक उगाच वाऱ्याला दोष देतात. पाइपचा फुगवटा आणि बाटलीचं तोंड गोड्या पाण्याने धुवा. वाळूचा एक कण तिथे राहिला तर 15-20 पीएसआयलाच फसफस सुरू होते. जाळीचं कापड ओलं असताना जड होतं आणि तिच्या भोकांत पाण्याचा पडदा धरतो, मग वारा आरपार जात नाही. ती झटकून, दहा मिनिटं उन्हात धरूनच दुसऱ्यांदा पाणी भरा.